तीन गाड्यांचं एकत्र कुटुंब

ज्यांच्या गाड्या कधी बिघडत नाहीत, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. आमचे शेजारी दहा वर्षं एकच जपानी गाडी चालवतायत. गाडी कशी आहे विचारलं तर म्हणतात, "चालते." संपलं! आता मला विचारा. तुमचा चहा गार होईल, पण मी थांबणार नाही.

माझ्याकडे युरोपातल्या एका कंपनीची छोटी हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिनं इथला गाशा केव्हाच गुंडाळला आणि गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. लोणावळा-मावळात ह्या मॉडेलच्या आता तीनच गाड्या उरल्यात. पांढरी माझी. लाल, तुंगार्लीच्या दातांच्या डॉक्टर बर्वेबाईंची. आणि चंदेरी, पवनेच्या बाजूला गुलाबाची शेती करणाऱ्या किसनआबांची. तिघांनी त्या एकाच वर्षी, महिन्याभराच्या आत घेतल्या. तेव्हा आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो.

तिन्ही गाड्या सांभाळणारा माणूस एकच, सलीमभाई. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक होता. कंपनी गेली, वर्कशॉपला कुलूप लागलं, सलीमभाईनं लोणावळ्यात स्वतःचं गॅरेज टाकलं आणि आम्ही तिघं लेकरांसारखे त्याच्या मागोमाग गेलो. रविवारी सकाळी तिघांपैकी एकाची गाडी तिथे उघडून ठेवलेली असतेच. उरलेले दोघं बघायला येतात. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

मी स्वतः रेल्वेतून रिटायर झालो. खंडाळ्याच्या घाटात चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. माझी सगळी नोकरी त्या इंजिनांवर झाली. एवढी ओळख पुरे.

*

आधी आमची टोळी कशी जमली ते सांगतो.

ह्या गाडीचे निम्मे स्क्रू चांदणीच्या तोंडाचे. आपल्याकडचा साधा पाना किंवा स्क्रूड्रायव्हर तिथे बसतच नाही. सलीमभाईनं पहिल्याच सर्व्हिसिंगला मला एक छोटा चांदणीचा पाना दिला होता आणि बजावलं होतं, "काका, हा घराच्या किल्लीबरोबर ठेवा. घराचं कुलूप कोणीही तोडून देईल, हा स्क्रू कोणी उघडून देणार नाही."

एकदा लोणावळ्याच्या बाजारात एक लाल गाडी बंद पडलेली दिसली. बॉनेट उघडं, शेजारी एक बाई घामाघूम. चार लोक जमले होते, चौघांनी चार पाने आणले होते, एकही बसत नव्हता. रिक्षावाला म्हणत होता की छिन्नी लावू. मी गर्दीतून पुढे झालो आणि खिशातून घरच्या किल्ल्यांचा जुडगा काढला.

बाईंनी जुडग्यातला तो पाना पाहिला. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, आभारसुद्धा मानले नाहीत. एकदम म्हणाल्या, "तुमची कुठल्या रंगाची?"

त्या डॉक्टर बर्वे.

*

ह्याच बर्वेबाईंच्या बंगल्यावर सरूमावशी असतात. बंगल्याची सगळी देखरेख त्यांच्याकडे. फ्यूज बदलण्यापासून पाण्याची मोटर चालू करण्यापर्यंत कशालाही घाबरत नाहीत. बाई आठवडाभर परगावी निघाल्या होत्या. गाडीचा कूलंट थोडा थोडा गळत होता, म्हणून जाताना सांगून गेल्या, "मावशी, बॉनेटखाली एक पांढरा डबा आहे. त्यातलं गुलाबी पाणी खुणेच्या खाली गेलं, तर फ्रीजवरच्या बाटलीतलं ओता."

आता फ्रीजवर बाटल्या होत्या दोन.

बाई परत आल्या आणि गाडी घेऊन दवाखान्यात निघाल्या. अर्ध्या वाटेत गाडीत पंगतीचा वास यायला लागला. तशाच गॅरेजला आल्या. मी आणि आबा आधीपासून तिथे होतोच. इंजिन गार झाल्यावर सलीमभाईनं डब्याचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं, पुन्हा नेलं, आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मॅडम, कोकम सरबत आहे. जिरं घातलेलं."

बाईंनी तिथूनच मावशींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून घेतल्यावर मावशी म्हणाल्या, "मंग? बिनजिऱ्याचं कोन पितं?"

सलीमभाईनं तीनदा सगळं धुऊन काढलं. तरी त्या वर्षी पावसाळ्यात हीटर लावला की बाईंना भूक लागायची.

*

आबांचं निराळंच. ह्या गाड्यांमध्ये इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला आणि वायपरची उजव्या हाताला असते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बरोबर उलटं. एक गाडी असेल तर हात शिकतो. पण आबांकडे फुलं न्यायला एक पिकअपही आहे. हात शिकला हॅचबॅकवर आणि चालवायची पिकअप. त्यामुळे भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, प्रत्येक वळणावर आबांचा वायपर हलायचा.

गावाला त्याची सवय झाली. काच पुसली की आबा वळणार, हे पोराटोरांनाही माहीत. सलीमभाईनं दोन-तीनदा आबांना समजावलं, दांड्यांवर रंगीत चिकटपट्ट्यासुद्धा लावून दिल्या. आबा म्हणाले, "आरं, मी काय दांड्याकडं बगून चालवू काय? रस्त्याकडं कोन बगनार?"

मग एकदा फाट्यावर आबा वळले आणि मागून येणारा एक बाहेरगावचा मोटरसायकलवाला थोडक्यात वाचला. तो उतरून आबांवर ओरडायला लागला, "इंडिकेटर द्यायला काय होतं?"

 तेवढ्यात चहाच्या टपरीवरून एक जण उठला आणि त्यानं त्या पाहुण्यालाच झापलं, "दोन डाव वायपर मारला की आबांनी! दिसत न्हाई व्हय तुला?"

*

माझ्या गाडीच्या मागच्या दिव्याची गोष्ट सांगायची राहिली. डॅशबोर्डवर एक बटण होतं. त्यावर दिव्याचं चित्र आणि तीन आडव्या रेघा. पहिल्या पावसाळ्यात माझ्या हातून ते चुकून दाबलं गेलं आणि तसंच राहिलं. मला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवसापासून ज्याला त्याला माझी काळजी. मोटरसायकलवाले शेजारी येऊन ओरडायचे, "काका, ब्रेकलाइट अडकलाय!" टपरीपाशी कोणी सांगायचं, "एकच लागतोय, दुसरा गेलाय." बाजारातल्या एका इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवली. त्यानं दुसऱ्या बाजूला लावायला नवा बल्ब आणला आणि अर्धा दिवस तो बल्ब हातात धरून जागा शोधत बसला. जागा नव्हतीच.

शेवटी सलीमभाईकडे गेलो. तेव्हा तो अजून कंपनीत होता. तो पोट धरून हसला. म्हणाला, "काका, दाट धुक्यात मागच्याला आपली गाडी दिसावी म्हणून असतो तो लाल दिवा. एकाच बाजूला असतो."

मी थक्क! म्हणजे कुठे तिकडे युरोपात बसून कोणीतरी लोणावळ्यासाठी एक खास बटण केलं होतं. त्या दिवशी मी ह्या गाडीचे पुढचे-मागचे सगळे गुन्हे माफ केले. घरी येऊन मोठ्या कौतुकानं सुमनला, म्हणजे आमच्या मंडळींना, ही गोष्ट सांगितली.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता घाट चढायचंही एक करा म्हणावं."

*

हे ती उगाच बोलली नव्हती. त्याआधीच्या उन्हाळ्यात खोपोलीला एक लग्न होतं. जेवून आम्ही दोघं जुन्या रस्त्यानं घाट चढत होतो. ह्या गाडीचं इंजिन तीन सिलिंडरचं आणि प्रत्येकाची ठिणगी पाडणारी कॉइल वेगळी. त्या कॉइली जायला टपलेल्याच असतात. नेमक्या चढावर त्यातली एक गेली. गाडी थरथरायला लागली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि वेग इतका उतरला की रस्त्याकडेचं गवत मोजता यावं.

सुमन म्हणाली, "मी उतरते. तेवढाच भार कमी."

मी म्हटलं, "अगं, बस."

ती उतरली. पैठणी सावरत कडेकडेनं चालायला लागली. थोडा वेळ ती माझ्या बरोबरीनं चालली. मग पुढे गेली. खरंच सांगतो, पुढे गेली! वळणावर थांबून तिनं मागे पाहिलं आणि हाक मारली, "अहो, मी वर जाऊन चहा सांगते. तुम्ही या सावकाश."

मी स्टिअरिंगला चिकटून बसलो होतो आणि मनात एकच विचार. जन्मभर मी ह्याच घाटात दुसऱ्यांच्या गाड्या मागून ढकलल्या. आज माझी ढकलायला कोणी नाही.

*

पार्ट मिळत नाहीत, हे आमचं खरं दुखणं. परदेशातून मागवायचे तर महिने लागतात. त्यातून आमच्याकडे एक रीत पडली. शेजारी वाटीभर साखर मागायला जातो, तसे आम्ही पार्ट मागतो. बर्वेबाईंच्या काचेची मोटर गेली तेव्हा आबा म्हणाले, "माजी न्या. मला काच खाली करून काय करायचंय? पाकळ्या उडत्यात." आबांच्या गाडीत पाकळ्या कुठेही असतात. एसी लावला की तोंडावर येतात.

माझी एक चांगली कॉइल सहा महिने लाल गाडीत होती. मागचा वायपर तर तिघांत एकच उरलाय, बाकीचे दोन खंडाळ्याच्या माकडांनी नेले. पुण्याला ज्याला जायचं असेल त्याच्या गाडीला तो लागतो. कोणाचं काय कोणाच्या गाडीत आहे, हे फक्त सलीमभाईच्या डोक्यात. एकदा बाईंनी विचारलं, "सलीमभाई, माझ्या गाडीत माझं असं काय उरलंय?"

त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "रंग, मॅडम."

*

फक्त एक गोष्ट माझ्या गाडीतून कधी बाहेर गेली नाही. पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट. त्याचं कारण सांगतो.

आमचे अण्णा, माझे वडील, घाटात गँगमन होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज रूळ तपासत मैलोन्मैल चालायचे. आमच्या घराण्यात चारचाकी घेणारा मी पहिला. गाडी आणायला मी अण्णांना शोरूमला घेऊन गेलो. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. रस्ताभर ते हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. लोणावळ्याला घरापाशी उतरले आणि पायांकडे बघत म्हणाले, "आरं, चपला तितंच ऱ्हायल्या."

नवी गाडी, सीट नवी, म्हणून त्यांनी देवळात काढाव्यात तशा चपला शोरूमच्या फरशीवर काढून ठेवल्या होत्या आणि अनवाणी गाडीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी चपला आणायला परत गेलो. त्या झिजलेल्या कोल्हापुरी कोणीतरी पुसून, जोडीनं, काचेच्या आत चकचकीत नव्या गाडीशेजारी ठेवल्या होत्या. ठेवणारा वर्कशॉपमधला मेकॅनिक होता. मला म्हणाला, "आज्जांच्या आहेत ना? मी कोणाला हात लावू दिला नाही." माझी आणि सलीमभाईची ओळख ती अशी.

अण्णा गेले. पुढे बर्वेबाईंच्या पुढच्या सीटची पट्टी तुटली, तेव्हा सगळं काही मागून नेणाऱ्या सलीमभाईनं माझ्याकडे ती सीट मागितलीच नाही. त्याबद्दल मी त्याला कधी विचारलं नाही, पण मला फार बरं वाटलं होतं.

*

आणि आता ह्या वर्षीची गोष्ट.

गाडीला पंधरा वर्षं झाली की ती आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते. पास झाली तर पुढे पाच वर्षं चालवा. आमच्या तिन्ही गाड्या दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं पंधराच्या झाल्या. आधी लाल, मग चंदेरी, शेवटी माझी. सुमननं मला स्पष्ट सांगितलं, "पास झाली तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. नापास झाली तर दुसऱ्यांदा न्यायची नाही. भंगारवाल्याला फोन मी करणार." पंधरा वर्षं सोसलंय तिनं. पण अण्णांची सीट भंगारात जाणार ह्या विचारानं माझं जेवणावरचं लक्ष उडालं.

सलीमभाईनं तिन्ही गाड्या नखशिखांत तपासल्या. ब्रेक, टायर, धूर, सगळं ठणठणीत. अडलं ते पुढच्या दिव्यांवर. माझी आणि बाईंची गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी. दिव्यांच्या काचा पिवळ्या पडून आंधळ्या झालेल्या. घासून पाहिल्या, काही उपयोग नाही. नवे दिवे मागवले होते, पण ते जहाजात होते आणि जहाज कुठे होतं ते देवाला माहीत. स्वच्छ काचेचे दिवे एकाच गाडीला होते. आबांची गाडी गुलाबांच्या शेडमध्ये, सावलीत उभी असते ना!

आबा लगेच म्हणाले, "काडा की मग. माजी पंधरा दिस उबी ऱ्हाईल, तिला काय हुतंय?"

दिवे निघाले. लाल गाडीत बसले. बसल्यावर सलीमभाईच्या लक्षात आलं की उजव्या दिव्याच्या आत, अगदी काचेला चिकटून, गुलाबाची एक पाकळी आहे. मागून तार घालून पाहिली, चिमटा घालून पाहिला. शेवटी म्हणाला, "काढायची तर काच फोडावी लागेल. राहू द्या. उजेडाला आड येत नाही."

आम्ही सगळेच तपासणीला गेलो. आरटीओचे साहेब मध्यम वयाचे, चष्मा कपाळावर, फार न बोलणारे. त्यांनी लाल गाडीला एक चक्कर मारून पाहिली. वळताना वायपर हलला. आबा माझ्या कानात म्हणाले, "सायेब डावीकडं वळत्यात." साहेबांनी दिवे लावून पाहिले, मग वाकून उजव्या दिव्यात पाहिलं. "आत काय आहे?"

आबा पुढे झाले. "गुलाबाची पाकळी हाय, सायेब."

साहेबांनी मान हलवली. लाल गाडी पास!

दोन आठवड्यांनी तेच दिवे परत चंदेरी गाडीत गेले. साहेब तेच. दिव्यापाशी ह्या वेळी ते जरा जास्त रेंगाळले. पण आबांच्या गाडीत सीटवर, फरशीवर, सगळीकडे पाकळ्याच पाकळ्या होत्या, त्यामुळे काही बोलले नाहीत. चंदेरीही पास.

मग माझी पाळी. आदल्या दिवशी तेच दिवे माझ्या पांढऱ्या गाडीत बसले. मागचा वायपर माझ्याकडे आला. बाईंनी हॉर्न दिला, माझा घोगरा झाला होता म्हणून. सकाळी सुमन स्वतःहून गाडीत बसली, अण्णांच्या सीटवर. का आली, ते मी विचारलं नाही. आबा, बाई आणि सलीमभाई मागे दाटीवाटीनं. 

साहेब पुन्हा तेच. त्यांनी कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत बसून चक्कर मारायला निघाले. वळण आलं. मी वायपरकडे डोळे लावून बसलो होतो. वायपर हलला नाही, इंडिकेटर लागला. साहेबांनी न चुकता डाव्या हाताची दांडी खाली केली होती.

 ह्या माणसाला गाडी पाठ झाली होती!

ते उतरले. ब्रेक पाहिले, टायर पाहिले, हॉर्न वाजवला. मग पुढे येऊन उजव्या दिव्यापाशी उकिडवे बसले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. काचेवर बोटानं टकटक केलं. तसेच बसून त्यांनी एकेकाकडे पाहिलं. सलीमभाई आभाळाकडे बघत होता. बर्वेबाई फोनमध्ये काहीतरी शोधत होत्या. आबा आपल्या टोपीची घडी नीट करत होते. सुमननं माझा हात धरला. मी सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं.

साहेब उठले, गुडघे झटकले, कागदावर सही केली आणि कागद माझ्या हातात ठेवून हळूच म्हणाले,

"लाल गाडीत होती तेव्हा पाकळी जास्त टवटवीत होती."